शेजारच्या दारातलं हातभर

क्योतो, डिसेंबरची सुरुवात

प्रिय चिझु,

तुझं कार्ड मिळालं. योकोहामाच्या बंदराचं चित्र छान आहे, पण मागे तू इतकं बारीक लिहितेस की मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. निम्मं कार्ड हवापाणी आणि नातवाची परीक्षा. मग एक ओळ, की नोव्हेंबरभर तुझ्या इथल्या रिकाम्या घरात कोण राहून गेलं, माणूस कसं होतं, ते मी कळवावं. आणि अगदी कडेला, चुकून सांडल्यासारखं, की तुझा लेक योशिकी नवीन वर्षात ते घर विकायचं म्हणतोय. जी गोष्ट आधी लिहायची ती तू कायम शेवटी लिहितेस. घराच्या विक्रीबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. आधी त्या बाईचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही. शिवाय महिनाभर ते पोटात ठेवून मला अपचन व्हायची वेळ आली आहे.

तिचं नाव सोकोरो. मेक्सिकोतल्या पुएब्ला नावाच्या गावाची, तिकडे बालवाडीत शिकवते. चाळिशीची असेल, खांदे कुस्तीगिरासारखे आणि हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारं. आपली भाषा ती संध्याकाळच्या वर्गात शिकली, त्यामुळे व्याकरण अचूक आणि आडपडदा शून्य. तुझ्या लेकानं फोनवर घराची जाहिरात दिली होती ना, ‘इथल्या माणसांसारखं राहून पाहा’ अशी? ती वाचून आली. मी तुझ्या पलीकडच्या नोगुचीबाईंना म्हटलं, इथल्या माणसांसारखं राहायची हौस कोणाला असते? आपल्याला कोणी विचारलं असतं तर आपण हॉटेलात राहिलो असतो. पण बाई शिकून आली होती. नवीन बिऱ्हाड आलं की आजूबाजूला भेटवस्तू द्यायची, हे तिला माहीत होतं. आजूबाजू म्हणजे किती, एवढं फक्त माहीत नव्हतं. तिनं अख्ख्या गल्लीला वाटलं, मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. चिंच नावाच्या कुठल्याशा आंबट फळाच्या गोळ्या, आणि वर तिखट भुरभुरलेलं. नोगुचीबाईंनी ती गोळी आधी देवघरात नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवली. म्हणाल्या, “आधी त्यांना खाऊ दे. त्यांना आता काही होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी झाडू घेऊन दार सरकवलं आणि तशीच उभी राहिले. गल्लीत एक पान नव्हतं. कोपऱ्यावरच्या देवळातलं गिंकोचं झाड या दिवसांत आपल्यावर किती पानं ओततं ते तुला माहीत आहे, वर त्या फळांचा घाण वास. आणि गल्ली अशी लख्ख, पाणीसुद्धा शिंपडलेलं. माझ्या दारात, तुझ्या दारात, नोगुचीबाईंच्या, समोर हात्तोरी मास्तरांच्या, तोफूवाल्या किनोशिताच्या, थेट देवळाच्या भिंतीपर्यंत. समोरचं दार सरकलं. मास्तर, हातात झाडू. मग नोगुचीबाई, हातात झाडू. आम्ही तिघं झाडू धरून नसलेल्या कचऱ्याकडे बघत उभे. आणि टोकाला ती, तुझं जुनं निळं एप्रन बांधून, घामाघूम, आम्हाला वाकून वाकून नमस्कार करत होती.

तुला काय सांगायचं म्हणा. शेजारच्या दारातलं हातभर झाडावं, त्याच्या पुढे नाही, हे आपण चालायला लागलो तेव्हापासून शिकलो. तेवढंही झाडलं नाही तर माणूस कोरडं ठरतं, आणि त्याहून जास्त झाडलं तर ‘तुमच्याच्यानं होत नाही वाटतं’ असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. इथे तर एका परक्या बाईनं पहिल्याच सकाळी सबंध गल्लीला आळशी ठरवलं होतं. बरं, अपमान झाला तरी उपकारही झालेच, आणि ते फेडल्याशिवाय आपल्या लोकांना जेवण जात नाही. दुपारपर्यंत नोगुचीबाई सलगमाचं लोणचं देऊन आल्या, किनोशितानं तोफू पोचवला, मास्तरांनी पर्सिमनच्या फळांची पिशवी. तिला वाटलं, काम पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट उत्साहानं झाडलं, यावेळी आग विझवायला दारापुढे भरून ठेवतो त्या लाल बादल्यासुद्धा घासल्या.

मग जे सुरू झालं ते तू बघायला हवं होतंस. तिच्या आधी झाडून टाकावं म्हणून नोगुचीबाई लवकर उठल्या. त्यांचा आवाज ऐकून मास्तर त्याहून लवकर. ती आणखी लवकर, कारण तिला वाटलं, इथली पद्धतच अशी आहे. आठवडा संपेपर्यंत आम्ही सगळे काळोखात चाचपडत, एकमेकांना ‘शुभ सकाळ’ म्हणत नसलेली सकाळ झाडत होतो. किनोशिता तेवढा खूश. म्हणाला, “तोमिएकाकू, इतकी वर्षं सोयाबीन भिजवायला मी एकटाच अंधारात उठायचो. आता सोबत झाली.”

शेवटी कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकतो त्या जाळीपाशी, कावळे हाकलता हाकलता, सगळ्यांनी मला पुढे केलं. “तुमची भिंतीला भिंत आहे, तुम्हीच बोला,” नोगुचीबाई म्हणाल्या. मी म्हटलं, भिंत तुमचीही आहे. तर म्हणतात, “माझ्या बाजूला नुसता जिना. तुमचं नातं जवळचं.” मी गेले. सरळ कसं बोलणार, म्हणून आपल्या रीतीनं सुरुवात केली. “सोकोरोसान, किती लवकर उठता हो तुम्ही.” “हो, मला आवडतं.” “हात दुखत असतील.” “छे, हे बघा,” म्हणून तिनं बाही वर करून दंड दाखवला. “आम्हा म्हाताऱ्यांना मग काही कामच उरत नाही.” “मग तुम्ही बसा ना, मी चहा आणते.” इथे माझं घोडं अडलं. आपल्या गल्लीत एवढं ऐकल्यावर एखादं माणूस बिऱ्हाड हलवून गेलं असतं, आणि ही माझ्यासाठी उशी शोधत होती.

मग मी तिला हात धरून बाहेर आणलं आणि झाडूनच दाखवलं. माझं दार झाडलं, तुझ्या बाजूला हातभर सरकले, आणि थांबले. चपलेच्या टोकानं रेघ ओढली. “इथपर्यंत.” ती वाकून बघायला लागली. “पण पुढेही पानं आहेत.” “आहेत.” “मग?” “ती तिथल्यांची.” मग तिचा चेहरा पडला, कारण तिला सगळं एकदम कळलं, लोणची, तोफू, पर्सिमन, सगळं. मला फार वाईट वाटलं. पण ती बालवाडीची बाई. पडलेला चेहरा उचलला आणि विचारलं, “हातभरच का? दोन हात का नाही?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चिझु, आत काहीच नव्हतं. एवढी वर्षं झाडतेय मी. का ते मला माहीत नाही.

तुला माझा स्वभाव माहीत आहे, एखादी गोष्ट टोचली की ती काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आम्ही दोघी विचारत सुटलो. नोगुचीबाई म्हणाल्या, सासूबाईंनी सांगितलं म्हणून. त्यांना कोणी सांगितलं? “त्यांच्या सासूबाईंनी. तुम्ही काय पोलीस आहात का?” मास्तरांनी आम्हाला बसवून घेतलं आणि पागोळ्यांचं पाणी, जुन्या आगी, जमिनीच्या हद्दी, असं करत सकाळ खाल्ली, आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, “थोडक्यात, निश्चित सांगता येत नाही.” किनोशिताचं म्हणणं, आपला कचरा वाऱ्यानं उडून शेजारी जातो तो साधारण हातभरच जातो, म्हणजे आपण आपलंच झाडतो, उपकार कसले. देवळातल्या पुजारीणबाईंचं मला पटलं. त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचं थोडंच करावं, म्हणजे रोज करता येतं. फार केलं की चार दिवसांत कंटाळा येतो आणि मग राग.” सोकोरो म्हणाली, पुएब्लात तिची आई कोपऱ्यापर्यंत सबंध रस्ता झाडते आणि झाडताना आळशी शेजारणींचा मोठ्यांदा उद्धार करते. मग त्या बाहेर येतात, कडाक्याचं भांडण होतं, आणि भांडण संपलं की सगळ्या मिळून कॉफी पितात. तीही सोय वाईट नाही, मला वाटलं.

ती हळूहळू गल्लीत मुरली. हातभरावर थांबायला शिकली, झाडू थांबवताना मात्र दर वेळी माझ्याकडे बघायची. सुरुवातीला कोणी “कुठे निघालात?” म्हटलं की उभी राहून सगळं सांगायची, आधी पोस्टात, मग लोकरीच्या दुकानात, मग पाय दुखले नाहीत तर नदीवर. महिन्याच्या मध्यावर कोणीतरी तिला शिकवलं की अशा वेळी “हे इथंच जरा” म्हणायचं असतं. तशी ती म्हणायला लागली आणि सगळी गल्ली हिरमुसली. नोगुचीबाई मला म्हणाल्या, “आता आपल्याला काहीच कळत नाही. नदीवर गेली की नाही कोण जाणे.”

एकदा आम्ही दोघी झाडत होतो आणि तिनं मला विचारलं, “मी आले त्या संध्याकाळी या घरापुढे मधोमध पानांचा ढीग होता आणि दोन्ही कडा स्वच्छ. तुमची कड तर चाटूनपुसून. तुमचं इथल्या बाईंशी भांडण झालं होतं का?” भांडण, आपलं. मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. हो, चिझु, तू योकोहामाला लेकाकडे गेल्यापासून मी तुझ्या दारातलं हातभरच झाडत आले. पलीकडून नोगुचीबाई त्यांचं हातभर. मधलं तसंच. मास्तरांनी गल्लीचे अध्यक्ष म्हणून सुचवून पाहिलं, “चिझुसानच्या दारात या वर्षी शरद जरा लांबलाय, नाही?” मी म्हटलं, “हो ना, हवाच तशी आहे.” मधलं झाडलं असतं तर ते दार माझं झालं असतं. तू आता येणार नाहीस, हे मीच ठरवून टाकल्यासारखं झालं असतं. ते माझ्यानं होईना. हे मी मास्तरांना सांगितलं नाही, नोगुचीबाईंना नाही, पण त्या मेक्सिकोच्या बाईला आपल्या गल्लीत उभं राहून सांगितलं. परक्याला सांगणं सोपं जातं.

आणि सांगता सांगता मला हातभराचं उत्तरही सापडलं, निदान माझ्यापुरतं. आपण एकाच वसंतात इथे सुना म्हणून आलो. आठवतं ना, बाहेर पडायचं म्हणजे झाडायचं, दुसरं निमित्त नाही. तू तुझं झाडून माझ्याकडे हातभर यायचीस, मी माझं झाडून तुझ्याकडे हातभर. तेवढ्या जागेवर दोघींचे झाडू पडायचे, गल्लीतली तेवढीच जागा रोज दोनदा झाडली जायची. तिथे आपण उभ्या राहायचो. बोलायचो खाली मान घालून, आणि झाडू हलवत राहायचो, म्हणजे आत सासूबाईंना आवाज जात राहील. तुझा पहिला महिना चुकल्याचं तू मला तिथेच सांगितलंस. आमच्या यांना हातमाग विकायची वेळ येईल अशी भीती होती, ते मी तुला तिथेच सांगितलं. मी सोकोरोला म्हटलं, दोन बायकांना उभं राहायला जागा हवी म्हणून हातभर, मास्तर काय वाटेल ते म्हणोत. तिला ते आवडलं. पण लगेच पुढचा प्रश्न. “मग नंतर, सासवा गेल्यावर, एकमेकींच्या घरात जाऊन का नाही बसलात?”

आता याला काय म्हणशील? बारसं, लग्न, मयत आणि तू जिन्यावरून पडलीस ती वेळ सोडून आपण एकमेकींच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. जायचं असतं हेच कधी डोक्यात आलं नाही. सोकोरोला मात्र हे ऐकून इतकं वाईट वाटलं की तिनं मला जेवायलाच बोलावलं, तुझ्या घरात. मी आढेवेढे घेतले, तिला आढेवेढे कळत नाहीत, म्हणून गेले. तुझ्या दोन पायऱ्या खालच्या स्वयंपाकघरात तिनं मक्याच्या पातळ भाकऱ्या भाजल्या आणि किनोशिताचा तोफू भरपूर तिखट घालून परतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मधल्या खोलीत बसलो होतो, तुझ्या देवघराची जागा रिकामी आहे त्या बाजूला. एवढ्यात कोणीतरी उद्याच्या हवेचा अंदाज सांगायला लागलं, अगदी शेजारी बसून सांगावा तसा. मी म्हटलं, रेडिओ लावलाय का? ती म्हणाली, “नाही, तो तुमचा.” येताना मी बंद केला नव्हता. माझा रेडिओ, चिझु, तुझ्या घरात इतका स्वच्छ ऐकू येतो. ती म्हणाली, “सकाळी आधी तुमचा खोकला येतो, मग किटली, मग तुम्ही ‘हं, चला’ म्हणता. मग मी उठते.” मी ‘हं, चला’ म्हणते हे मला आजवर माहीत नव्हतं.

तू त्या खोलीत सगळं आयुष्य बसलीस. म्हणजे तू सगळं ऐकलंस. आमच्या यांनी आणि मी मिठावरून घातलेले वाद, लेक घर सोडून गेली ती संध्याकाळ, माझं एकटीचं बडबडणं. आणि हे गेल्यानंतरचे दिवस. मी रजईत तोंड खुपसून रडायचे, कोणाला कळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार सरकवायच्या आत तू बाहेर असायचीस आणि हवेबद्दल बोलायचीस. काय बोलायचीस, आज गार आहे, काल कमी गार होतं, डोंगराकडे ढग आहेत. इतका वेळ हवेबद्दल बोलायचीस की मला वाटायचं, हिला आज कामं नाहीत का. आता कळलं मला. तू एकदाही विचारलं नाहीस आणि एकही सकाळ चुकवली नाहीस.

पण भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ असते. तुझं मलाही सगळं ऐकू यायचं. तांदूळ धुताना तू गुणगुणतेस आणि एका ठरलेल्या जागी सूर चुकतेस. जिन्यावरून पडलीस ते मी ऐकलं, म्हणून तर मी किनोशिताला घेऊन सगळ्यांच्या आधी पोचले. आणि योकोहामाला जायच्या आधी तुझी काठी मधल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जायची आणि परत यायची, जायची आणि परत यायची. कपाट उघडल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग बंद केल्याचा. शेवटच्या सकाळी मी तुला विचारलं, तयारी झाली का? तू म्हणालीस, “झाली. बाराव्या मजल्यावर हवा छान असेल.” मी म्हटलं, “समुद्रही दिसेल.” आपण आपापलं झाडलं आणि दुपारी तू गेलीस. पुढच्याच कार्डात तू लिहिलंस की इतक्या उंच पानं येत नाहीत, झाडू कोपऱ्यात उभा आहे. मी त्याला काय उत्तर लिहिलं आठवतं? लिहिलं, इकडे हवा गार झाली आहे.

योशिकी आला त्या दिवशी मी आणि सोकोरो दारातच होतो. त्याच्याबरोबर सूट घातलेला एक माणूस होता. त्यानं पोलादी टेप काढून तुझ्या दाराची रुंदी मोजली आणि भिंतीवर बोटानं टकटक केलं. योशिकी चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्यासाठी मिठाईचा डबा आणला, गुडघ्यांची चौकशी केली, मग मान खाली घालून म्हणाला, “काकू, या घरात तिला एकटी कशी ठेवू? तो जिना, ते खोल स्वयंपाकघर. तिकडेही तिचा दोनदा तोल गेलाय.” बरोबरच आहे त्याचं. मी विचारलं, आई काय म्हणते? तर म्हणाला, “तिचं काही म्हणणं नाही. ‘तुम्हाला सोयीचं होईल तसं करा’ म्हणाली. तिनं मनाची तयारी केलीय, काकू, बरं झालं.” त्याचा जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं, हो, बरं झालं. तो गेल्यावर सोकोरोनं मला विचारलं, “सोयीचं होईल तसं, म्हणजे हो की नाही?” मी म्हटलं, आमच्याकडे ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं. तिनं झाडू भिंतीला टेकवला. “मग तुम्ही काय ठरवलंत?”

मी पुन्हा झाडायला लागले. महिना संपला, ती गेली. जाताना तिनं प्रत्येकाला मिठी मारली, मास्तरांनासुद्धा, ते तेव्हापासून जरा ताठ चालतात. नोगुचीबाई अजून सांगत असतात की आपल्याला लग्नातदेखील कोणी असं धरलं नव्हतं. तू विचारलं होतंस, माणूस कसं होतं. चांगलं होतं. तुझी भांडी जागच्या जागी आहेत, एक वाटी फुटली, ते तिनं आपणहून सांगितलं. गिंकोचं झाड आता उघडं झालंय, झाडायला फारसं काही उरलेलं नाही.

आता जे तू कडेला लिहिलंस त्याबद्दल मी मधोमध लिहिते. घर वीक. तू तिथे एकटी राहू शकणार नाहीस आणि योशिकीशी मी भांडणार नाही. वीक आणि माझ्याकडे राहायला ये. आमच्या यांचा माग वसंतात विणकरांच्या शाळेला दिला, तेव्हापासून पुढची खोली रिकामी आहे. जिना चढायचा नाही, उंबराही नाही, स्वयंपाकघराची जमीन जावयानं यांच्या आजारपणात वर उचलून घेतली आणि न्हाणीत धरायला दांड्या बसवल्या. खोलीत सध्या लोणच्याचे माठ आहेत, ते हलवीन. योशिकीला मी अजून काही बोललेले नाही, कारण आधी तुला विचारायला हवं, आणि माझ्या लक्षात आलं की तुला कोणी विचारलेलंच नाही. सोय काय होईल ते सगळ्यांनी पाहिलं. तुला काय हवंय, चिझु? “तुला त्रास होईल” असं लिहू नकोस. होईल, तुझं गाणं जवळून ऐकावं लागेल. नको असेल तर ‘नको’ एवढाच शब्द लिही, मी तो वाचून जेवेन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण मला तू इथे हवी आहेस. तू गेलीस तेव्हाही हवी होतीस, आणि मी समुद्राबद्दल बोलले. आपल्या गल्लीत असं कोणी कोणाला लिहीत नाही, म्हणून हे पत्र चिकटवून मी लगेच पेटीत टाकून येणार आहे. उद्यापर्यंत घरात राहिलं तर मी यातलं निम्मं खोडीन आणि त्या जागी हवा कशी आहे ते लिहीन.

तुझीच,
तोमिए